गाडीतल्या हवेची गाळणी

पावसाळा सरला की अनेक जण गाडी सर्व्हिसिंगला टाकतात. ऑइल बदलतात, ब्रेक तपासून घेतात. केबिन फिल्टर मात्र राहून जातो. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा आणि हा वेगळा. आपण गाडीत बसून श्वासावाटे घेतो, ती हवा हा गाळतो. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो.

एसीचा झोत मंदावला, कुबट वास येऊ लागला, की फिल्टर बाहेर काढून दाखवायला सांगा. घड्यांमध्ये काळी धूळ, पानांचा चुरा, ओलसर डाग दिसले, तर तो बदलाच. कागदी फिल्टर धुऊ नका. हवा मारून वरची धूळ उडते, आत रुतलेली तशीच राहते. शिवाय जोराच्या झोतानं तंतू फाटू शकतात.

साधा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. सक्रिय कोळशाचा थर असलेला थोडा महाग पडतो, पण धुराचा वासही बराच शोषतो. रोज वाहनांच्या गर्दीतून जाणाऱ्यांना तो उपयोगी. घेताना मॉडेल आणि वर्ष नक्की सांगा. माप चुकून कडेला फट राहिली, तर हवा न गाळताच आत येते. चौकटीवरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेनंच हवा.

साधारण वर्षातून एकदा, आणि धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच फिल्टर बदलावा. नेमकं अंतर गाडीच्या पुस्तिकेत पाहा. बिलात नव्या फिल्टरचे पैसे लावले असतील, तर जुना मागून घ्या.