जेत्यांचा देव, जितांची श्रद्धा



1521 सालच्या एप्रिल महिन्यात फिलिपीन्सच्या सेबू बेटावर एक साधा प्रसंग घडला. मॅगेलनच्या ताफ्याबरोबर आलेला पिगाफेत्ता हा इटालियन प्रवासी त्या दिवसांची टिपणे ठेवीत होता. त्याने नमूद केले आहे की, तेथील राजा हुमाबोन याच्या राणीला बाळ येशूची लाकडी मूर्ती दाखविण्यात आली आणि आपल्या मूर्तींच्या जागी ठेवण्यासाठी ती तिने मागून घेतली. त्या दिवशी स्त्रिया, पुरुष व मुले मिळून सुमारे 800 माणसांचा बाप्तिस्मा झाला. पुढे दोन आठवड्यांच्या आतच माक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांनी मॅगेलनला ठार केले आणि उरलेले स्पॅनिश लोक निघून गेले. 44 वर्षांनी, 1565 साली, लेगास्पीच्या सैन्याने सेबूची वस्ती तोफांनी उद्ध्वस्त केली, तेव्हा एका घरात पेटीमध्ये जपून ठेवलेली तीच मूर्ती सापडली. स्पॅनिशांनी हा ईश्वरी चमत्कार मानला. परंतु त्या 44 वर्षांत तेथे ना चर्च होते, ना पाद्री. मूर्ती जपली होती ती तेथील लोकांनी, आणि जपली होती ती त्यांच्या रीतीने. राणीने जुने देव टाकून नवा देव घेतला, की जुन्या देवांच्या पंक्तीत आणखी एका देवाला पाट मांडून दिला? फिलिपीन्सच्या धर्मजीवनाचा पुढचा सारा इतिहास या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

त्या देवांची पंक्ती कोणती होती? तागालोग लोक सृष्टिकर्त्याला 'बाथाला' म्हणत. झाडे, नद्या, शेते, पूर्वजांचे आत्मे यांत वास करणाऱ्या शक्ती म्हणजे 'आनितो'. विसाया बेटांत त्यांना 'दिवाता' असे नाव होते. मराठी माणसाला हे शब्द अगदीच परके वाटू नयेत. 'दिवाता' म्हणजे संस्कृतातील देवता आणि 'बाथाला'चे मूळ विद्वान 'भट्टार' या शब्दात शोधतात. मलय जगाशी चालणाऱ्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर हे शब्द तेथे पोहोचले. मात्र शब्द आले तरी त्यांच्याबरोबर ब्राह्मण पुरोहित आले नाहीत. देवांशी बोलण्याचा अधिकार विसायांत 'बाबायलान'कडे आणि तागालोगांत 'कातालोनान'कडे होता, आणि त्या बहुतांशी स्त्रियाच असत. जे पुरुष हे काम करीत त्यांतले अनेक जण स्त्रीवेष धारण करीत. अंगात आणणे, आजार बरा करणे, पेरणी-कापणीचे विधी करणे, मृतात्म्याला वाट दाखविणे, ही सारी कामे त्यांची. गावात दातू या सरदाराच्या खालोखाल त्यांच्या शब्दाला वजन होते.

स्पॅनिश धर्मोपदेशकांनी हे नेमके ओळखले. आनितोंच्या मूर्ती जाळण्यात आल्या आणि बाबायलानला सैतानाची हस्तक ठरविण्यात आले. सामान्यतः असे म्हटले जाते की, या बेटांत जुना आणि नवा धर्म सहज एकमेकांत मिसळून गेले. हे अर्धसत्य आहे. विधी मिसळले, श्रद्धा मिसळल्या. पण अधिकार मिसळला नाही. तो एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती देण्यात आला. जेथे गावची स्त्री देवाशी बोलत होती, तेथे परदेशी पुरुष बोलू लागला. तोच करवसुलीवर देखरेख ठेवी, तोच शाळा चालवी आणि बहुतेक गावांत स्पॅनिश सत्तेचा तोच एकमेव चेहरा असे. मनिलाभोवतीच्या सुपीक प्रांतांत धर्मसंघांच्या प्रचंड जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या. स्पॅनिश राजवट संपल्यावर अमेरिकन सरकारने 1903 साली या जमिनी विकत घेण्याचा करार केला, तेव्हा त्यांचे क्षेत्र सुमारे 4 लाख एकर होते. धर्मांतराचा विचार करताना हा जमिनीचा हिशेब दृष्टीआड करून चालणार नाही.

लोकांनी हे निमूटपणे सोसले काय? नाही. 1621-22 मध्ये बोहोल बेटावर ताम्ब्लोत या बाबायलानने दिवातांच्या नावाने उठाव केला; चर्चची देणी आणि स्पॅनिशांचा खंड यांतून सुटका होईल, असे त्याचे आश्वासन होते. याच सुमारास लेते बेटावर बांकाव हा वृद्ध सरदार उठला. त्याने तरुणपणी लेगास्पीचे स्वागत केले होते, बाप्तिस्माही घेतला होता. उतारवयात त्याने दिवातांचे देऊळ पुन्हा उभारले. हे दोन्ही उठाव मागे वळून जुन्या देवांकडे पाहणारे होते आणि दोन्ही चिरडले गेले.

पण 1663 साली पानाय बेटावर तापार याने जे केले ते वेगळे होते. त्याने स्वतःला देव म्हणविले आणि आपल्या अनुयायांतूनच एक ख्रिस्त, एक पवित्र आत्मा, एक मरिया, प्रेषित, पोप आणि बिशप नेमले. स्पॅनिश इतिहासकारांनी याची वेड म्हणून टवाळी केली. वस्तुतः त्यात एक रोखठोक विधान होते: तुमचा धर्म खरा असेल, तर त्यातली सारी पदे आमच्याही वाट्याला आली पाहिजेत. तापारला आणि त्याच्या साथीदारांना याची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

पुढच्या काळात हीच मागणी अधिक संयत स्वरूपात पुन्हा पुढे आली. लुक्बान गावचा आपोलिनारियो दे ला क्रुझ हा शेतकऱ्याचा मुलगा धर्मसंघात प्रवेश मागण्यासाठी गेला. तो 'इंडियो' म्हणजे देशी असल्यामुळे त्याला दार बंद झाले. 1832 साली त्याने संत योसेफाच्या नावाने स्वतःचा भक्तसंघ काढला आणि त्यात आपल्या परवानगीविना स्पॅनिशांना प्रवेश नाकारला. प्रार्थना करणे एवढाच त्या संघाचा उद्योग होता. सत्तेला मात्र त्यात राजद्रोह दिसला. 1841 च्या नोव्हेंबरात आलिताओ येथे शेकडो भक्तांची कत्तल झाली आणि आपोलिनारियोला ठार करून त्याच्या देहाचे तुकडे लोकांना धाक बसावा म्हणून प्रदर्शनात मांडले गेले.

उपवासाच्या पवित्र सप्ताहात फिलिपिनो खेड्यांत 'पासियोन' गाइला जातो. येशूच्या यातनांचे हे दीर्घ पद्यकथन मिशनऱ्यांच्या आश्रयाने रुजले, ते लोकांनी सोशिक व्हावे म्हणून. परंतु रेनाल्डो इलेतो या इतिहासकाराने 1979 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, शेतकऱ्यांनी त्यातून भलताच धडा घेतला. सुताराच्या घरचा एक गरीब मुलगा गरिबांनाच सोबती करतो, धर्मपंडितांना आणि राज्यकर्त्यांना जुमानत नाही आणि त्यापायी मरण पत्करतो, ही कथा त्यांना आपली वाटली. 1892 साली स्थापन झालेल्या कातिपुनान या क्रांतिकारक संघटनेची भाषा सामान्य माणसाला उमगली ती या संस्कारामुळे. नेग्रोस बेटावर तर साखरेच्या मळ्यांतील मजुरांचा पुढारी पापा इसियो हा स्वतःला बाबायलानही म्हणवी आणि 'पापा' म्हणजे पोपही. मळे वाटून द्यावेत आणि उसाऐवजी भात पिकवावा, अशी त्याची मागणी होती. तो आधी स्पॅनिशांशी आणि मग अमेरिकनांशी लढला, 1907 साली शरण आला आणि 1911 साली मनिलाच्या तुरुंगात मरण पावला.

1902 या एकाच वर्षी इसाबेलो दे लोस रेयेस या पत्रकाराने देशातील पहिली कामगार महासंघटना स्थापन केली आणि रोमपासून स्वतंत्र अशा फिलिपिनी चर्चची घोषणाही केली. 1889 साली आपल्या लोकांच्या लोककथा व समजुती ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारा हाच गृहस्थ. मजूर, लोकश्रद्धा आणि देशी पाद्री हे तीन वेगळे प्रश्न आहेत, असे त्याला वाटले नाही.

तरीही या मिश्रणाचे केवळ गोडवे गाणे ही आत्मवंचना ठरेल. 1967 च्या मे महिन्यात लापियांग मालाया या पंथाचे शेतकरी कोयते घेऊन मनिलाच्या रस्त्यावर उतरले. त्यांच्या गळ्यांत 'आंतिंग-आंतिंग' होते: मोडक्या लॅटिन अक्षरांचे ताईत, गोळी लागू देणार नाहीत अशा विश्वासाने बांधलेले. पोलिसी दलाच्या गोळीबारात तीसहून अधिक माणसे मेली. मिशनऱ्यांची लॅटिन भाषा लोकांनी आपल्या जुन्या मंत्रशक्तीत मिसळून घेतली होती. पण बंदुकीपुढे तिचा उपयोग झाला नाही. दारिद्र्य खरे होते, गाऱ्हाणे खरे होते, ताईत तेवढा खोटा होता. मात्र ताईत खोटा ठरला म्हणून गाऱ्हाणेही खोटे ठरत नाही, याचे भान शहरी बुद्धिमंतांना क्वचितच राहिले.

1986 च्या फेब्रुवारीत जपमाळा आणि मरियेच्या मूर्ती घेतलेले लाखो लोक मनिलात रणगाड्यांपुढे उभे राहिले आणि मार्कोसची हुकूमशाही कोसळली. त्या श्रद्धेच्या बळाचा गौरव साऱ्या जगाने केला. पण वर्षही पुरे झाले नव्हते, तोच 22 जानेवारी 1987 रोजी जमीनवाटपाची मागणी घेऊन निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदियोला येथे गोळीबार झाला. किमान 12 जण ठार झाले. हुकूमशहाला हटविण्यासाठी चाललेली श्रद्धा जमिनीच्या प्रश्नाशी येऊन थबकली.

हायमे बुलाताओ या जेझुइट मानसशास्त्रज्ञाने 1966 साली फिलिपिनो ख्रिस्ती जीवनाला दोन मजल्यांचे घर मानले: वर चर्चची शिकवण, खाली पूर्वजांची रीत, आणि दोहोंची एकमेकांना दाद नाही. हे निरीक्षण मार्मिक आहे. पण इतिहासाकडे पाहता असे दिसते की, संकटाच्या वेळी लोकांनी हे मजले जोडणारा जिना स्वतःच बांधला आहे, आणि सत्तेने प्रत्येक वेळी आधी तोच तोडला आहे.

म्हणून एखाद्या समाजाच्या श्रद्धेत शुद्ध किती आणि भेसळ किती, हे मोजत बसण्यात हशील नाही. समाजवादी विचाराच्या माणसाने विचारायला हवे ते एवढेच की, ही श्रद्धा माणसाला ताठ उभे करते की वाकविते, आणि देवाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे. सेबूत आजही दर जानेवारीत त्या बाळ येशूपुढे लोक सिनुलोग नृत्य करतात. मूर्ती मॅगेलनने आणली, हे साऱ्यांना ठाऊक आहे. पण ती मागून घेणारी एक स्त्री होती आणि 44 वर्षे ती सांभाळणारे लोक होते, हेही त्यांच्या इतिहासात तेवढ्याच ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.