भांडण उघड असावे, शिक्का खरा असावा



स्वागत समितीच्या वतीने दुबलगुंडीत आपले मनःपूर्वक स्वागत. संकेतस्थळे शोधयंत्रात वर आणणाऱ्या, म्हणजे एसईओचे काम करणाऱ्या मंडळींचा मेळावा हुमनाबाद तालुक्यातल्या आमच्या गावी भरावा, हा आमचा बहुमान आहे. या विद्येचा आमच्या मातीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध ओढूनताणूनच लावावा लागेल, हे कबूल. पण तुमच्या व्यवसायातल्या भांडणांना आणि सलोख्याला लागू पडतील असे दाखले आमच्या बिदर जिल्ह्यात पावलोपावली आहेत. जवळच्याच कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला, चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली आणि भाऊबंदांच्या वाटणीचे नियम देशाच्या मोठ्या भागाला घालून दिले. त्याच कल्याणीत बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभव मंटपात निरनिराळ्या जातींचे शरण, म्हणजे शिवभक्त, एकत्र बसून वाद घालत. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी श्री माणिकप्रभूंनी (1817–1865) सकलमत संप्रदाय उभा केला आणि मराठी, कन्नड व हिंदीत पदे रचली. मतभेद मिटल्याशिवाय एका दरबारात बसता येत नाही, असे त्यांनी कधी मानले नाही.

तरी आज आम्हाला आठवण करून द्यायची आहे ती महमूद गवानची. इराणातल्या गिलानहून व्यापारासाठी आलेला हा गृहस्थ बहमनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने बिदरला मदरसा बांधला. रंगीत फरशांचे नक्षीकाम अजून अंगावर बाळगत त्याचा एक मनोरा आजही उभा आहे. वेळ काढून जरूर पाहा. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट होते. विरोधकांनी गवानचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर तो उमटवून घेतला, वर ओडिशाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले, आणि 1481 मध्ये सुलतानाने या निरपराध वजिराचा शिरच्छेद करवला. पुढे बहमनी राज्याची पाच शकले झाली. दोन तट असणे हा या राज्याचा खरा रोग नव्हता; तट सगळ्याच दरबारांत असतात. घात झाला तो एकाच्या नावाचा शिक्का दुसऱ्याने चोरून वापरल्यामुळे.

तुमच्या क्षेत्राचा इतिहास हेच सांगतो. एप्रिल 2012 मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीच्या नियमांत ‘पेंग्विन’ हा बदल आणून विकतच्या आणि बनावट लिंकांवर आसूड ओढला. त्याबरोबर नवी धास्ती आली, की प्रतिस्पर्धीच आपल्या संकेतस्थळाकडे वाईट लिंका वळवील आणि शिक्षा आपल्याला होईल. त्याच वर्षी ऑक्टोबरात नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोय गूगलला द्यावी लागली. उलट, उघड भांडणाने फायदाच झाला आहे. वाचकांच्या क्लिकांचा क्रमवारीशी संबंध आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. मे 2024 मध्ये गूगलची अंतर्गत कागदपत्रे रँड फिशकिन आणि माइक किंग या एसईओ जाणकारांनी चव्हाट्यावर आणली, तेव्हा त्या वादाला तपासता येईल असा आधार मिळाला.

यावर आक्षेप येईल, की पहिला क्रमांक एकच असतो, तिथे सद्भावनेच्या गप्पा कशाला? आक्षेप रास्त आहे. पण गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट हे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांनीही 2006 मध्ये साइटमॅपचा, म्हणजे संकेतस्थळाच्या पानांच्या यादीचा, आणि 2011 मध्ये पानावरच्या माहितीला खुणा करण्याच्या स्कीमा डॉट ऑर्गचा एकच नमुना मान्य केला. क्रमांकासाठी झुंजावे, नियम मात्र सामाईक असावेत, एवढेच सद्भावनेचे मागणे आहे. मराठीत तर सामाईक काम ढीगभर पडले आहे. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, शोधयंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांचा गोळा वाटतो. तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यात कोणाचा क्रमांक घसरणार आहे?

आता उणिवांविषयी. हे खेडे आहे. निवास शाळेच्या वर्गखोल्यांत आहे, गाद्या पातळ आहेत, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. जनरेटर आणला आहे, पण त्याचा आवाज फार. नेटवर्क अधूनमधून दगा देईल. नेटवरच पोट असणाऱ्या पाहुण्यांपुढे हे सांगताना मान खाली जाते. जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगाचटणी आहे. तिखट जास्त झाले तर सांभाळून घ्यावे. धान्य देणारे शेतकरी, मंडपाचे भाडे सोडून देणारे मंडपवाले, किराणा देणारे व्यापारी, वर्ग मोकळे करून देणारे शिक्षक, स्वयंपाकाला रात्रभर जागलेल्या माता-भगिनी, पाण्याचे टँकर पुरवणारे तरुण आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणग्या देणारे दाते, या सर्वांची समिती ऋणी आहे. दोन दिवस कडकडून वाद घाला, पण प्रत्येक मत स्वतःच्या नावाने मांडा, एवढी विनंती.