चमकली, कडाडली, पडली
(पावसाळी व्याख्यानमालेत लालबर्रा येथे दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यात आसपासच्या एखाद्या गावात घात झाला, की त्याची बातमी लालबर्ऱ्यात चार शब्दांनी येते. मराठी घरात म्हणतात, वीज पडली. हिंदी वर्तमानपत्र छापते, गाज गिरी. हवामान खात्याच्या इशाऱ्यात वज्रपात असतो आणि तहसिलीच्या कागदावर आकाशीय बिजली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा तिकडे मुंबई राज्यात गेला, बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिला. आपण दोन्हीकडची बोली वापरत राहिलो. म्हणून हे चारही शब्द आपल्याला कळतात. पण त्यांतून काय कळते आणि काय कळायचे राहून जाते, हे आज पाहू.

संस्कृतातला 'विद्युत्' म्हणजे लखकन प्रकाशणारी. प्राकृतात त्याचे 'विज्जु' झाले. त्यातून मराठीत वीज आली, हिंदीत बिजली. दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींची नावे दिसण्यावरून पडलेली. 'गाज' मात्र गर्जनेच्या घरातली. कोकणातला माणूस समुद्राची गाज म्हणतो, तोच हा शब्द. त्याचा सारा संबंध कानाशी. 'वज्र' हे तर इंद्राचे शस्त्र. म्हणजे एका शब्दाने ती दिसली, दुसऱ्याने ऐकू आली, तिसऱ्याने तिने मारले.

पंडितांचा ओढा दिसण्याकडे. अमरकोशात विजेला दहा नावे आहेत. क्षणप्रभा, चंचला, चपला, सौदामनी ही त्यांतलीच. कवींनी ती उचलली, आईबापांनी मुलींना दिली. मुलीचे नाव दामिनी ठेवतात, गाज कोणी ठेवत नाही! ही नावे सुंदर आहेत, पण ती छपराखाली बसून विजेकडे पाहणाऱ्याची आहेत. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला नावांपेक्षा क्रियापदे जास्त लागतात, आणि ती तिच्याजवळ तीन आहेत: चमकली, कडाडली, पडली.

या तीन क्रियापदांचा क्रम नीट ऐका. चमक आणि कडकडाट एकाच क्षणी जन्मतात. पण प्रकाश तत्काळ पोचतो आणि आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. चमकल्यापासून नऊ मोजेपर्यंत कडाडले, तर वीज तीन किलोमीटरवर होती. तीन किलोमीटर म्हणजे लांब, असे वाटते ना? तसे नाही. पुढची वीज तेवढे अंतर सहज ओलांडते. तीस मोजायच्या आत आवाज आला, तर आपण तिच्या टप्प्यात आहोत, असे शास्त्रज्ञ सांगतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हेही तेच सांगतात.

इथे गाज हा शब्द आपल्याला थोडा फसवतो. तो सगळी भीती आवाजात नेऊन ठेवतो. कडकडाट झाला की आपण दचकतो, कानांवर हात ठेवतो. पण जिचा कडकडाट ऐकू आला, ती वीज आपल्याला सोडून गेलेली असते. भ्यायचे ते पुढच्या विजेला.

'पडली' हे क्रियापद तर त्याहून फसवे. आंबा पडतो, भिंत पडते, तशी वीज वरून पडते आणि खालचा माणूस नुसता सापडतो, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात काय घडते? ढगातले बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. ढगाच्या तळाशी बहुधा ऋण भार साठतो. तिथून एक अंधूक वाट पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरू लागते. ती जमिनीजवळ आली, की जमिनीवरच्या उंच वस्तूंच्या टोकांवरून, म्हणजे झाड, खांब, उभा माणूस यांच्यावरून, भाराचे धागे वर झेपावतात. त्यांतला एक तिला भेटला की वाट पुरी होते, आणि डोळे दिपवणारा झोत त्या वाटेने खालून वर जातो. त्या क्षणी तिथली हवा तीस हजार अंशांच्या घरात तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती तापलेली हवा एकदम फुगते, तोच कडकडाट. तेव्हा वीज पडते हे अर्धेच खरे. उघड्या बांधीत ताठ उभा असलेला माणूस किंवा एकटे मोहाचे झाड तिला वाट पुरी करून देत असते.

क्रियापदाने आपला वाटा झाकला, की उरलेली जागा नशीब भरून काढते. मराठीत पायाळू हा शब्द आहे. पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, ही जुनी समजूत. वीज कोणाची जन्मकथा विचारत नाही. ती उंची पाहते. पायाळूने घरात बसायचे आणि बाकीच्यांनी मोहाखाली थांबायचे, ही वाटणी जिवावर बेतणारी आहे.

२०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसे गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली, आणि राज्यांत पहिला क्रमांक मध्य प्रदेशाचा होता. सगळ्यांच्या अंगावर थेट वीज येत नाही. पुष्कळदा ती झाडावर येते आणि तिथून शेजारच्या माणसावर उडी घेते, किंवा ओल्या जमिनीतून पसरते. गाईगुरे एकदम दगावतात ती म्हणूनच. पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने प्रवाह त्यांच्या देहातून जातो. पक्के घर किंवा बंद मोटार हाच खरा आसरा. दोन्ही नसतील तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. पण हा शेवटचा उपाय.

विजेचा झटका बसलेल्या माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरण्याची चाल मध्य भारतात अजून आहे. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. त्याला हात लावला तर काही होत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी आणि दवाखाना गाठावा. शेणात गेलेला वेळ परत मिळत नाही.

आता तारेतली वीज. १७५२ साली फ्रँकलिनच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये उंच लोखंडी सळई उभारून ढगातून ठिणग्या काढल्या गेल्या, आणि ढगातली व प्रयोगशाळेतली वीज एकच, हे सिद्ध झाले. आपल्या भाषेनेही दोघींना एकच नाव दिले. पण तारेतली इतकी अंगवळणी पडली, की मूळ मालकिणीलाच 'आकाशीय' हे विशेषण लावायची पाळी आली. कागदावर ते लागतेच. राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ प्रमाणे आकाशीय बिजलीने मेलेल्याच्या वारसाला चार लाख रुपये मिळतात. तेव्हा पंचनाम्यात काय लिहिले जाते, ते वाचून घ्यावे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजा ते दाखवते. कवींचे नाव अखेर शेतकऱ्याच्या खिशात आले, हे चांगलेच झाले. पण रोवणीच्या बांधीत फोन धुऱ्यावर पिशवीत असतो. म्हणून माझी पंचायतीला एक सूचना आहे. कोटवाराच्या मुनादीत 'वज्रपात की संभावना' असे न सांगता बायामाणसांच्या बोलीत सांगावे: ढग चढले, चमक दिसली, की रोवणी तिथेच सोडा आणि पक्क्या घरात या, कडाडायची वाट पाहू नका, झाडाखाली थांबू नका. आणि शेतमालकांनी त्या अर्ध्या-एक तासाची मजुरी कापू नये. मजुरी कापली जाणार असेल, तर कोणत्याही भाषेतला इशारा कोणी ऐकणार नाही.