जीपचा छज्जा
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

जीपच्या समोरच्या काचेवर बाहेरून उन्हासाठी जो छज्जा बसवतात, त्याच्यावर मी रेडिओवर बोलणार आहे, असं घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. माणूस कविता लिहिणारा. सायकलपलीकडे कुठलंही वाहन त्याला चालवता येत नाही. तो जीपवर काय बोलणार? त्यांचं हसणं खोटं नव्हतं. पण या छज्ज्यानं आमच्या घरात आठवडाभर जी चर्चा घडवली, ती ऐकल्यावर तुम्हीही म्हणाल की विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

माझा पुतण्या डाळिंबाच्या बागांमधून ठिबकची कामं करतो. मंगळवेढा, सांगोला हा त्याचा भाग. पावसाळ्यात काळ्या रानात साध्या गाडीची चाकं रुततात, म्हणून त्यानं जुनी फोर व्हील जीप घेतली. उभी सपाट काच, वर ताडपत्रीचं हूड. जेवण करून दुपारी सोलापुरातून निघायचं, रात्री बागेत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी काम उरकून परतायचं, असा त्याचा शिरस्ता.

जानेवारीतली गोष्ट. त्या दिवशी निघायला उशीर झाला आणि पाच वाजता तो मंगळवेढ्याच्या रस्त्यावर होता. हा रस्ता सोलापुरातून पश्चिमेला निघतो आणि किंचित दक्षिणेकडे झुकतो. हिवाळ्यात सूर्यही नेमका पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. म्हणजे त्या दिवसांत संध्याकाळी त्या वाटेनं जाणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन येतं. आणि हंगाम उसाचा. रस्त्यावर उसानं भरलेल्या बैलगाड्या. त्या उन्हात पुतण्याला पुढची गाडी दिसलीच नाही. दिसली तेव्हा त्यानं जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. जीप थांबली ती गाडीपासून वीतभर अंतरावर. उसाच्या मोळ्यांवर एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं, एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला.

ही हकिगत त्यानं मला सांगितली आणि पुढं म्हणाला, "चाचा, अब्बांना सांगू नका. मी काचेला छज्जा लावून घेतो. तुम्ही नवी पेठेत चला माझ्याबरोबर."

नवी पेठ सोलापूरकरांना सांगायला नको. कापडापासून पंख्यापर्यंत सगळं घ्यायला आम्ही तिथंच जातो. गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात आम्ही शिरलो. दुकानदारानं तीन नमुने समोर ठेवले. एक काळसर ॲक्रिलिकचा, गॉगलच्या काचेसारखा. दुसरा फायबरचा, कडेला छोटे दिवे बसवलेला. तिसरा साध्या पत्र्याचा, कोपऱ्यात धूळ खात पडलेला. दुकानदार पहिल्या दोघांबद्दलच बोलत होता. "लुक येतो गाडीला," हे त्याचं पालुपद. पुतण्याची नजर दिवेवाल्यावर खिळली होती. मी मात्र त्या पत्र्याकडं पाहत होतो.

कारण तसाच पत्र्याचा छज्जा माझ्या थोरल्या भावाच्या जीपला होता. भाईजाननं कैक वर्षं वडापची जीप चालवली. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, टपावर गाठोडी आणि काचेवर तो हिरवा छज्जा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डाव्या डोळ्यात मांस वाढलं होतं, तेही काढावं लागलं. वर्षानुवर्षांच्या उन्हाचा आणि धुळीचा त्यात वाटा असतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मी पुतण्याला म्हणालो, "ज्यानं आयुष्य या छज्ज्याखाली काढलं, त्याला न विचारता घेणार तू?"

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. भाईजानला विचारायचं म्हणजे ती बैलगाडीही सांगावी लागली. ते बराच वेळ गप्प होते. मग रागावतील असं वाटलं, तर त्यांनी एकच प्रश्न केला.

"सूर्य किती वर होता?"

"वर कुठला, समोरच होता."

"मग छज्जा काय करणार?"

श्रोतेहो, आज मला जे सांगायचंय ते या प्रश्नात आहे. आपण दुकानात छज्जा बघतो तो रस्त्यावर उभं राहून, गाडी बाहेरून कशी दिसते ते. पण छज्जा निवडायचा असतो चालवणाऱ्याच्या जागेवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि तो ज्या वेळी, ज्या दिशेनं गाडी हाकतो त्या वेळच्या सूर्यासमोर.

रविवारी भाईजाननं आम्हाला कामाला लावलं. नवी पेठेतूनच टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा आणला. जीप मोकळ्या मैदानात पश्चिमेकडं तोंड करून उभी केली. पुतण्याला सीटवर बसवलं आणि पुठ्ठा चिकटपट्टीनं काचेच्या चौकटीवर लावला. पुठ्ठा पुढं आला होता १५ सेंटिमीटर. मग टेपनं मोजलं. पुतण्याच्या डोळ्यापासून पुठ्ठ्याची कड आडव्या रेषेत ७५ सेंटिमीटर पुढं होती आणि ३० सेंटिमीटर वर. शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवून मी हिशेब केला. सूर्य क्षितिजापासून सुमारे २२ अंशांच्या वर असेल तोवरच हा छज्जा त्याला झाकणार. जानेवारीत आपल्याकडं सूर्य एवढा खाली येतो दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास.

मग कड आठ सेंटिमीटर खाली वाकवली. आता सूर्य १६ अंशांवर येईपर्यंत आडोसा मिळाला. म्हणजे पावणेपाचपर्यंत. आठ सेंटिमीटरनी २५ मिनिटं दिली म्हणायची! पुतण्या खूश झाला. म्हणाला, "अजून खाली घेऊ." भाईजान म्हणाले, "घे की. मग वरचा सिग्नल कसा बघशील? बागेतल्या वाटेवर लोंबणारी वीजतार कशी दिसेल? चढावर गाडीचं नाक वर झालं की रस्ता शोधायला मान कुठं वाकवशील?" गाडी रानात न्यायची तर वरचं दिसणं शहरापेक्षा जास्त लागतं. तेव्हा जिथं सिग्नल आणि फांदी दिसत राहील तिथं कड थांबवायची. त्या दिवशी पाचच्या सुमाराला आम्ही तिघंही पाळीपाळीनं त्या सीटवर बसलो. सूर्य पुठ्ठ्याच्या खालून सरळ डोळ्यांत आला. आणि तो मावळायला अजून तासापेक्षा जास्त वेळ होता. गंमत म्हणजे मी पुतण्यापेक्षा बुटका, त्यामुळं तोच छज्जा मला वेगळ्या वेळी दगा देत होता. एकाच्या मापाचा छज्जा दुसऱ्याला चालेलच असं नाही.

मग छज्ज्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. सोलापूरचं ऊन आपण जाणतोच. वर्षातून दोनदा, साधारण १० मेच्या आणि २ ऑगस्टच्या आसपास, भरदुपारी सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते. घराच्या खिडकीवर बाहेरून छज्जा असतो, त्याचं कारण ऊन काचेतून आत येण्याआधीच अडवणं. आतला पडदा प्रकाश अडवतो, पण उष्णता तोवर घरात आलेली असते. जीपचंही तेच. आतली झडप डोळ्यांपुरती, बाहेरचा छज्जा काचेसकट समोरचा पत्रा थंड ठेवतो. मे महिन्यात दुपारी साडेतीनला सूर्य ४५ अंशांवर असतो. तो समोर असेल तर १५ सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली उभ्या काचेवर १५ सेंटिमीटर उतरते. त्याआधी त्याहून जास्त. साडेचारनंतर ती नऊ सेंटिमीटरच्या आत येते. हे सगळं उभ्या काचेचं. नव्या गाड्यांची काच मागं कललेली असते, तिथं एवढ्याच छज्ज्याची सावली काचेचा कमी भाग झाकते.

बाहेरचा छज्जा ही काही आपलीच युक्ती नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात मोटारींवर असे छज्जे सर्रास दिसत. त्यानं सिग्नल झाकला जायचा, म्हणून लोक समोर एक छोटा लोलक बसवून त्यात वरचा दिवा बघायचे. जीपही त्याच काळातली, १९४१ ची, लष्करासाठी बनलेली. आपल्याकडं १९४९ पासून महिंद्रानं मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. तिची काच पुढं बॉनेटवर पाडता येते, ही खुबी लक्षात ठेवायला हवी. छज्जा कायमचा वेल्डिंग करून टाकला तर काच पडत नाही. काही जुन्या जीपना वायपर वरून लोंबतो, त्यालाही जागा सोडावी लागते.

आता माल कुठला घ्यावा? ॲक्रिलिकमधून ऊन थोडं झिरपतंच. शिवाय धुळीनं त्यावर ओरखडे पडतात आणि काही उन्हाळ्यांत ते दुधाळ होतं. मग समोरचा सूर्य त्यात पसरून अधिकच डोळ्यांत जातो. फायबर हलकं, गंजत नाही, पण बाभळीची जाड फांदी आपटली तर तडकतं. पत्रा वाकतो, पण ठोकून सरळ करता येतो. त्याला गंज चढतो, म्हणून रंग राखावा लागतो. रानातून जाणाऱ्या गाडीला भाईजानची पसंती पत्र्याला. मात्र खालच्या बाजूला चकचकीत रंग नको. बॉनेटवरून उडालेलं ऊन तिथं आदळून पुन्हा डोळ्यांत येतं. आतून मंद काळा रंग मारायचा.

बसवताना ताडपत्रीचा आधार घ्यायचा नाही, काचेच्या चौकटीला धरायचं. दोन्ही कडांना आणि मध्ये एक अशा तीन पट्ट्या, खाली रबरी वायसर, आणि हादऱ्यानं सैल होणार नाहीत असे नट. छज्जा आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटं फट ठेवायची. वेगात वारा त्यातून निघून जातो, नाहीतर छज्जा पंखासारखा वर उचलला जातो आणि थरथरतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे.

कायद्याचंही एक सांगतो. काचेला काळी फिल्म लावणं हा सोपा उपाय वाटतो, पण सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये अशा फिल्मवर बंदी घातली. समोरच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करू देत नाही. म्हणून छज्जा बोल्ट काढून उतरवता येईल असा, गाडीच्या रुंदीबाहेर न जाणारा असावा, आणि बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. दिवेवाला छज्जा आमच्या यादीतून इथंच गळाला.

शेवटी तो पुठ्ठा घेऊन आम्ही पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडं गेलो आणि त्या मापानं छज्जा करून घेतला. पण भाईजाननं त्याहून मोठी गोष्ट करून घेतली. त्यांनी पुतण्याला वचन द्यायला लावलं की सूर्य छज्ज्याच्या खाली आला की गाडी बाजूला घ्यायची. चहा प्यायचा, काच आतून-बाहेरून पुसायची, कारण मळकी काच ऊन दुपटीनं पसरवते. निघणं अगदीच भाग असेल तर गॉगल लावून, बैलगाडीच्या चालीनं जायचं. नाहीतर मुळात दुपारी लवकर निघायचं. "आम्ही वडापवाले थांबत नव्हतो," ते म्हणाले. "आत माणसं घाई करायची आणि आम्हाला पुढच्या खेपेची चिंता. डोळे मिचकावत पुढं जायचो. आमच्या हातून काही झालं नाही, ते आमच्या हुशारीनं नव्हे."

एवढं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असावेत. पुतण्या मान खाली घालून ऐकत होता.

छज्जा रंगवून झाल्यावर पुतण्या माझ्याकडं आला. जीपच्या छज्ज्यावर काहीतरी लिहायची आपल्याकडं रीत आहे. कुणी देवाचं नाव लिहितं, कुणी ७८६, कुणी आईवडिलांचा आशीर्वाद. म्हणाला, "चाचा, तुम्ही कवी. दोन ओळी द्या." मी विचारात पडलो, तेवढ्यात भाईजाननं पेंटरला हाक मारली. बाहेरून काहीच लिहायचं नाही म्हणाले. आतल्या काळ्या बाजूला, चालवणाऱ्याला दिसेल असं, पांढऱ्या बारीक अक्षरांत लिहून घेतलं : 'जानेवारी पावणेपाच, मे साडेपाच.'

पुतण्या आता त्या वेळेला थांबतो. कुठल्या तरी टपरीवरून फोन करतो, "चाचा, चहा घेतोय." मी तो निरोप भाईजानला सांगतो. ते घड्याळाकडं बघतात आणि मान डोलावतात.