पडद्याविना चालणारे यंत्र

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्री यात्रा सरली, की आपण छपराच्या शाकारणीला लागतो. आभाळ कोरडे असतानाच भोक बुजवायचे, हे तुम्हांला शिकवायला नको.

सातबारा, निकाल ज्यांतून येतात, त्या सर्व्हर जातीची पुष्कळ यंत्रे पडद्याविना चालतात. चित्र नाही, माऊस नाही. लांबून लेखी आज्ञा द्यायची. यंत्रावर भार कमी, चोराला दारेही कमी. पण समोर कोणी बसत नाही, म्हणून गळती दिसत नाही बरं का!

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका छिद्रासाठी ठिगळ, म्हणजे पॅच, दिला. जूनअखेर 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम पसरला. त्याची एक वाट त्याच छिद्रातून होती. एक उघडे यंत्र सापडले, की तिथले पासवर्ड चोरून तो दुरुस्त यंत्रांतही शिरे. न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक त्यात बंद पडले. कंटेनरांची कामे हाताने करावी लागली.

गुरुजी, शाळेच्या कोपऱ्यात असे यंत्र असेल, तर वहीत त्याची नोंद करा. माहितीची प्रत काढा. ठिगळाचा वार ठरवा. लिनक्सचा गाभा बदलला, तर यंत्र बहुधा पुन्हा सुरू करावे लागते. तोवर जुनेच छिद्र उघडे राहते.

मृग लागण्याची वाट पाहू नका.