मोजमाप कर्तृत्वाचे, कुजबूज खासगी आयुष्याची

(सोलापूर येथील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सोलापूर हे मागाचे गाव आहे. चादर विकत घेणारा गिऱ्हाईक सूत पाहतो, वीण पाहतो, रंग पक्का आहे की कच्चा हे धुऊन पाहतो. ती विणणाऱ्याच्या घरात काल रात्री भांडण झाले होते का, हे कोणी विचारत नाही. चादरीच्या बाबतीत जो विवेक सामान्य गिऱ्हाइकापाशी असतो, तो सार्वजनिक जीवनातील माणसांची पारख करताना मात्र सुशिक्षित समाजही हरवून बसतो. तेथे वीण बाजूला राहते आणि विणकराच्या घराच्या खिडकीतून डोकावणे सुरू होते.

थोरल्या बाजीरावांचेच उदाहरण घ्या. १७२० साली, वयाच्या विसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळालेल्या या पुरुषाने १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाला कोंडीत पकडले, १७२९ मध्ये बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धाव घेतली आणि १७३७ मध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर मराठी घोडी नेली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती. एवढे अफाट कर्तृत्व. पण मराठी घरांत बाजीरावांचे नाव निघाले की पालखेडच्या आधी मस्तानीचा विषय निघतो. हयातीत पुण्याच्या कर्मठांनी त्यांना याच कारणासाठी छळले. पुढे कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी त्याच कारणासाठी त्यांना डोक्यावर घेतले. निंदा असो वा कौतुक, दोन्हींत सेनापती मागे पडला.

बाजीरावांचा न्याय करणे तसे सोपे आहे, कारण त्यांच्या खासगी जीवनाचा आणि रणनीतीचा परस्परविरोध नव्हता. खरी कसोटी लागते ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापाशी.

१८६५ साली विधवाविवाहोत्तेजक मंडळ स्थापन झाले. रानडे त्या चळवळीचे आधारस्तंभ. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने विधवेचा पुनर्विवाह घडला, त्यातून उठलेल्या वादळात रानडे ठामपणे उभे राहिले. अशा रानड्यांच्या पत्नीचे १८७३ मध्ये निधन झाले. त्यांचे वय तेव्हा एकतीस. आता हा सुधारक विधवेशी विवाह करील, अशी मित्रांची साहजिक अपेक्षा होती. परंतु वडिलांनी आग्रह धरला, रानडे नमले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा विवाह अकरा वर्षांच्या कुमारिकेशी झाला. विरोधकांना आयते हत्यार मिळाले, सहकाऱ्यांची मान खाली गेली.

ही टीका अन्यायाची होती काय? मुळीच नाही. जो दुसऱ्याला मार्ग सांगतो, त्याने स्वतः त्या मार्गावर पाऊल टाकावे, अशी अपेक्षा समाज करणारच. विष्णुशास्त्र्यांनी पुढे स्वतः विधवेशी विवाह करून ते करून दाखविले. रानड्यांचे पाऊल तेथे अडखळले, हे त्यांच्या भक्तांनीही प्रांजळपणे मान्य करावे.

प्रश्न पुढचा आहे. त्या एका पावलावरून सारा माणूस खोडून टाकायचा काय? सार्वजनिक सभेला वैचारिक बळ देणारे रानडे, १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा उभी करणाऱ्यांतील रानडे, १८८७ पासून सामाजिक परिषदेची धुरा वाहणारे रानडे, मराठ्यांच्या उत्कर्षाचा इतिहास परकीयांच्या नजरेतून न पाहता आपल्या दृष्टीने लिहिणारे रानडे, गोखल्यांसारखा शिष्य घडविणारे रानडे. हे सारे १८७३ च्या एका निर्णयाने पुसले जाते काय? तसे केले असते, तर नुकसान रानड्यांचे झाले नसते, महाराष्ट्राचे झाले असते.

आणि त्या अकरा वर्षांच्या मुलीचे पुढे काय झाले? घरातल्या बायकांचे टोमणे सोसत ती पतीजवळ लिहा-वाचायला शिकली. तीच रमाबाई रानडे. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले ते त्यांच्या आणि गोपाळ कृष्ण देवधरांच्या परिश्रमांतून. त्याच सेवासदनाची शाळा या सोलापुरात आहे. या सभागृहातील कित्येक भगिनी तेथे शिकल्या असतील. परिणाम चांगला झाला म्हणून बालवधूशी केलेला विवाह योग्य ठरत नाही. ती चूक चूकच राहते. परंतु चूक आणि कार्य यांची खाती वेगळी ठेवावी लागतात. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्यात वळती करून हिशेब जुळत नसतो.

मग खासगी आयुष्याकडे कधीच पाहू नये काय? तसे नाही. येथे तीन गोष्टी निवडून घ्याव्यात. जे केवळ त्या व्यक्तीचे आणि तिच्या घराचे आहे, तेथे समाजाने शिरू नये. जेथे उपदेश आणि आचरण यांत अंतर पडते, तेथे प्रश्न विचारावा, पण त्या अंतराएवढाच. आणि जेथे दुसऱ्यावर अन्याय झाला, कोणाच्या असहायतेचा लाभ घेतला गेला किंवा पदाचा गैरवापर झाला, ती बाब खासगी उरतच नाही. तेथे कर्तृत्वाची ढाल पुढे करणे हा पीडितांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान होय. थोरवी म्हणजे गुन्ह्याची माफी नव्हे.

हे माप एकदा हाती घेतले की ते सर्वांना सारखेच लावावे लागते. आपल्या विचाराच्या माणसाचे दोष ‘खासगी बाब’ आणि विरोधकाचे दोष ‘चारित्र्याचा प्रश्न’, हा न्याय नव्हे. या बाबतीत सोलापूरने एक चांगला धडा घालून दिला आहे. याच गावचा सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता तेथलाच झाला. त्याने चिनी परिचारिकेशी विवाह केला, तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, परभूमीवरच देह ठेवला. त्याची राजकीय निष्ठा येथील अनेकांना न पटणारी आहे. पुढे १९६२ साली चीनने जे केले, तेही कोणी विसरलेले नाही. तरीही सोलापूरने त्याचे जन्मघर स्मारक म्हणून जपले. बायको कोणत्या देशाची आणि पक्ष कोणता, हे न पाहता गावाने त्याची सेवा पाहिली.

कार्यकर्त्याच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व फार आहे. विरोधकाच्या धोरणाला उत्तर देण्यासाठी अभ्यास लागतो. त्याच्या घराविषयी कुजबुजायला काहीच लागत नाही. म्हणूनच कुजबूज सोपी वाटते. पण ज्या संघटनेला तिची सवय जडते, तिचा अभ्यास सुटतो. आणि ज्या घरात जेवताना थोर माणसांची लफडीच चघळली जातात, त्या घरातील मुले एकच गोष्ट शिकतात, की जगात थोर कोणी नसतेच. ही शिकवण फार घातक आहे.

तेव्हा घरी गेल्यावर मुलांना रानडे सांगताना १८७३ लपवू नका. तेही सांगा आणि १८८४ ही सांगा. निर्दोष मूर्ती पुजायला बऱ्या असतात. पण चुकत, सावरत ज्याने समाजासाठी आयुष्य झिजविले, तो माणूसच अनुकरणाला जवळचा वाटतो.