‘तो ऐकतो’ की ‘तो ऐको’? एका इजिप्शियन क्रियापदाची गोष्ट

आजचा भाग एका क्रियापदावर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. या क्रियापदाचा अर्थ आहे ‘ऐकणं’. कानात इयरफोन घालून बसलेल्या माणसांना याहून जवळचं क्रियापद मी कुठून आणू?

प्राचीन इजिप्तच्या भाषेत ‘ऐकणं’ म्हणजे तीन व्यंजनं: स, ज, म. चित्रलिपीत ते लिहायचं कसं? एक बैलाचा कान काढायचा आणि शेजारी एक घुबड. कानातच अख्खा शब्द आला, घुबड फक्त शेवटच्या ‘म’ची आठवण करून देतं. आणि स्वर? ते लिहायचेच नाहीत! अभ्यासक मध्ये ‘ए’ घालून ‘सेजेम’ म्हणतात, पण ती निव्वळ सोय आहे. कुठल्याही फारोला असं हाक मारून बघितलं असतं तर तो चक्रावला असता.

आपणही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करताना स्वर खातोच की. मेसेजमध्ये नुसतं ‘के आर टी’ आलं, तर ते करतो, करते की करत? मित्र ओळखीचा असतो, म्हणून कळतं. इथे मेसेज पाठवणारा चार हजार वर्षांपूर्वी ऑफलाइन गेलाय.

आता रूपं बघू. क्रियापदाच्या शेवटी ‘फ’ लावला की ‘तो’. सेजेमेफ, म्हणजे तो ऐकतो. मध्ये ‘न’ घातला की सेजेमनेफ, त्यानं ऐकलं. हा ‘न’ मुळात आपल्या ‘-ला’सारखा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, म्हणजे ‘त्याला ऐकलेलं’ असं काहीतरी. भूतकाळात ‘तो’चा ‘त्यानं’ करणाऱ्या मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. ‘इन’ घातलं की ‘मग त्यानं ऐकलं’, हे गोष्टी सांगताना. ‘खेर’ घातलं की ‘त्यानं ऐकायचं’, हे नियम सांगताना. ब्रिटिश म्युझियममधल्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये गणितं आहेत, तिथे ‘करणं’ या क्रियापदाला हेच ‘खेर’ लागतं: आता तू असं करायचंस. थेट सरांचा आवाज!

इथवर सोपं आहे. गोची होते ती साध्या सेजेमेफपाशी. ‘तो ऐकतो’, ‘तो ऐको’, ‘तो ऐकत असताना’, सगळ्याचं स्पेलिंग एकच. फरक बहुधा स्वरांत होता, आणि स्वर तर गेले.

यानं काय बिघडतं? मेम्फिसमध्ये प्ताह देवाच्या मंदिराच्या परिसरात कान कोरलेले दगड सापडले. देवानं आपलं गाऱ्हाणं ऐकावं म्हणून लोकांनी ते वाहिले होते. आता ‘सेजेम’ आणि पुढे ‘प्ताह’, एवढेच शब्द समोर आहेत असं धरा. ‘प्ताह ऐकतो’ की ‘प्ताह ऐको’? एका वाचनात माणसाला खात्री आहे, दुसऱ्यात तो हात जोडून उभा आहे. नुसत्या अक्षरांवरून ठरवता येत नाही. आजूबाजूचं वाक्य बघावं लागतं.

आणि यात एक विनोद आहे. ॲलन गार्डिनर यांच्या १९२७च्या प्रसिद्ध व्याकरणापासून आजच्या पुस्तकांपर्यंत, नमुन्याचं क्रियापद म्हणून सेजेमच वापरतात, कारण ते सरळमार्गी आहे. पण सरळमार्गी असल्यामुळेच ते काही बोलत नाही! गुपित फोडतात ती वाकडी क्रियापदं. ‘मेरी’ म्हणजे प्रेम करणं. त्याचं रूप कधी एका ‘र’नं लिहितात, कधी दोन ‘र’नी. म्हणजे एका स्पेलिंगमागे वेगवेगळी रूपं दडलीत, हे तिथे डोळ्यांना दिसतं. वर्गातल्या गुणी मुलापेक्षा मागच्या बाकावरच्यांकडून जास्त माहिती मिळते, तसंच.

हान्स याकोब पोलोत्स्की या अभ्यासकानं १९४४ साली यातून मोठाच मुद्दा काढला. काही वाक्यांत क्रियापद ही बातमीच नसते. जोर असतो केव्हा, कुठे, कसं यावर. ‘तो रात्री ऐकतो’ असं नाही, तर ‘तो ऐकतो ते रात्री’. पुढे त्याच्या मांडणीवर भरपूर भांडणं झाली, पण जुने मजकूर पुन्हा नव्यानं वाचावे लागले.

त्याला धागा मिळाला तो कॉप्टिकमधून. कॉप्टिक ही त्याच भाषेची शेवटची अवस्था. ती ग्रीक अक्षरांत लिहितात, त्यामुळे स्वर आले! तिथे आपलं क्रियापद ‘सोतेम’ झालंय. ‘त्यानं ऐकलं’ म्हणजे ‘अफसोतेम’. यातला ‘फ’ तोच जुना ‘तो’, फक्त मागचा पुढे आलाय. आणि सुरुवातीचा ‘अ’ हा ‘करणं’ या क्रियापदाचा झिजलेला अवशेष. थोडक्यात, ‘त्यानं ऐकणं केलं’. आपण सेव्ह करतो, डिलीट करतो, फॉरवर्ड करतो, तीच युक्ती.

हे कॉप्टिक आता घरात कुणी बोलत नाही, पण इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये प्रार्थनेत ते अजून आहे. तिथे शुभवर्तमान वाचण्याआधी, ते ऐकायला आम्हाला पात्र कर, अशी प्रार्थना होते. त्यातलं ‘ऐकणं’ म्हणजे हेच सोतेम.